अपग्रेडनंतर दोन प्रोग्रामांचं बोलणं तुटतं तेव्हा

"मॅडम, तुम्ही आत असला की चालतंय बघा. तुम्ही बाहेर पडला की परत शून्य."

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून हा फोन आला तेव्हा मला नोकरीत दीड वर्ष झालं होतं. "आत" म्हणजे पुण्याहून रिमोट लॉगिन करून त्यांच्या मशीनमध्ये. काट्यावरच्या क्लार्कांना सगळे अण्णा म्हणत. पाच दिवसांत त्यांनी हे वाक्य मला तीन वेळा ऐकवलं आणि तीनही वेळा मी "हो हो, बघते" म्हणून पुढे गेले. बिघाडाचं अख्खं निदान त्या वाक्यात होतं. सपोर्टमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे, कारण अपग्रेडनंतर "हा प्रोग्राम त्या प्रोग्रामशी बोलत नाही" ही तक्रार तुमच्याकडे पहिल्या काही महिन्यांतच येणार आहे, आणि कॉलेजच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या पेपरात पाइप, सॉकेट, शेअर्ड मेमरी यांच्या व्याख्या पाठ केल्या असल्या तरी ती तक्रार हातात आली की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

मांडणी साधी होती. एक छोटा प्रोग्राम काट्याच्या इंडिकेटरमधून सीरियल केबलवरून वजन वाचायचा. त्याला आपण वाचक म्हणू. तो मशीन सुरू झाल्यापासून मागे चालूच असायचा. दुसरा प्रोग्राम क्लार्कच्या पडद्यावर. गाडीचा नंबर टाकला की समोरचं वजन उचलून पावती छापायचा. त्याला पावती म्हणू. दोघांच्या मध्ये शेअर्ड मेमरी, म्हणजे दोघांना दिसणारा एक फळा: वाचक सेकंदाला दोन-तीनदा त्यावर वजन लिहिणार, पावती ते बघणार. लिनक्सवर असा फळा डेव्ह फोल्डरच्या आतल्या एसएचएम फोल्डरमध्ये एका साध्या फाईलसारखा दिसतो. हे सगळं कित्येक हंगाम विनातक्रार चाललेलं.

मशीनवर उबुंटू या लिनक्सची 14.04 आवृत्ती होती. एप्रिल 2019 मध्ये त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून पावसाळ्यात आम्ही 18.04 वर गेलो. ऑफिसमध्ये तसंच एक मशीन उभं करून आठवडाभर चाचणी घेतली. सगळं व्यवस्थित. हंगाम सुरू झाला, गाडीतळावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली, आणि पहाटे 4 वाजता पावतीच्या पडद्यावर वजन शून्य.

हे शून्य किती महागात पडतं ते काट्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वाळतो, वजन घटतं, आणि शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात. गाडीवान रात्रभर थंडीत बसलेला असतो. तुमच्या लॉगमधली एक ओळ तिथे माणसाच्या पोटावर येते. म्हणून मी घाईघाईने जे करायला नको ते केलं: वाचक रीस्टार्ट केला. वजन आलं. तक्रार बंद, शेरा "रीस्टार्टने सुटले".

दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला तेच, आणि पुन्हा त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. मी नेहमीची यादी लावली. वाचक चालू आहे का? आहे. इंडिकेटरवर वजन दिसतंय का? अण्णा म्हणाले, दिसतंय. वाचकाच्या स्वतःच्या लॉगमध्ये? तिथेही बरोबर. पावती चालू आहे का? आहे. एरर? कुठेच नाही. दोघंही ठणठणीत, आणि दोघांच्या मध्ये काहीतरी मेलेलं. एका संध्याकाळी मी ठरवून त्यांच्याच "काटा" या युजरने आत शिरले आणि रात्री 8 ची पाळी बदलेपर्यंत बघत बसले. काहीच झालं नाही. खिडकी बंद करून झोपले. पहाटे 4 ला फोन.

तेव्हा अण्णांचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं. पहाटे 4, दुपारी 12, रात्री 8. पाळी बदलताना कारखान्यात काय होतं? एक क्लार्क लॉग आउट होतो, दुसरा लॉगिन होतो. मी आत असले की "काटा" या युजरचं एक सत्र जिवंत राहतं, म्हणजे क्लार्क लॉग आउट झाला तरी तो युजर मशीनमधून पूर्ण गेलेला नसतो. ऑफिसातल्या चाचणीत आमची टर्मिनलची खिडकी दिवसभर उघडी असायची, म्हणून तिथे हे कधीच घडलं नाही.

मग पुढच्या वेळी शून्य आल्यावर रीस्टार्टला हात न लावता दोन गोष्टी पाहिल्या. एसएचएम फोल्डरमधल्या त्या फाईलचा आयनोड क्रमांक, म्हणजे फाईलची खरी ओळख, आणि वाचकाच्या प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा, जो प्रोक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली मॅप्स नावाच्या फाईलमध्ये असतो. नकाशात आमच्या फळ्याचं नाव होतं, आणि नावापुढे कंसात एक शब्द: डिलीटेड. आयनोड क्रमांकही वेगळा. वाचक एका पुसून टाकलेल्या फाईलवर इमानेइतबारे वजन लिहीत होता. पावतीने लॉगिननंतर त्याच नावाचा नवा कोरा फळा तयार केला होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली होती. नाव एक, फळे दोन.

लिनक्समध्ये फाईल पुसली तरी ज्या प्रोसेसने ती धरून ठेवली आहे तिच्यासाठी ती जिवंत राहते. म्हणूनच वाचकाला काही कळलं नाही आणि लॉगमध्ये एक अक्षरही आलं नाही.

आता पुसणारा कोण? लिनक्सवर सगळ्या सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्राम म्हणजे सिस्टमडी; त्याचा लॉगिन सांभाळणारा भाग, लॉगिनडी. त्यात रिमूव्हआयपीसी नावाची सेटिंग आहे. ती 2014 मध्ये सिस्टमडीच्या 212 व्या आवृत्तीत आली. ती चालू असेल तर एखाद्या युजरचं शेवटचं सत्र संपताच त्या युजरच्या मालकीची शेअर्ड मेमरी, सेमाफोर (प्रोग्रामांनी एकमेकांना थांब-निघ अशी खूण करायचं साधन), मेसेज क्यू (निरोपांची रांग) साफ केली जातात. उबुंटू 14.04 मधला लॉगिनडी त्याहून जुना होता, 18.04 मध्ये ही सेटिंग मुळातच चालू. हेतू चांगलाच आहे, माणूस गेला की त्याचा पसारा मागे राहू नये. सिस्टम युजर, म्हणजे उबुंटूवर ज्यांचा क्रमांक 1000 च्या खाली असतो ते, यातून वगळलेले असतात. आमचा वाचक मात्र क्लार्कच्याच युजरने चालायचा. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत याच सेटिंगवर स्वतंत्र भाग आहे, कारण सर्व्हरचे सेमाफोर कुठल्याही वेळी अचानक गायब होण्याचा त्रास त्यांच्याही वापरकर्त्यांना झाला. एक बारकावा असा की सगळ्या प्रकारच्या वस्तू सारख्या साफ होत नाहीत. जुन्या सिस्टम-व्ही पद्धतीच्या शेअर्ड मेमरीला कोणी जोडलेलं असेल तर लॉगिनडी ती सोडून देतो, पण आमच्यासारखी पॉझिक्स पद्धतीची फाईल सरळ उडवतो. त्यामुळे शेजारच्या मशीनवर तसाच दिसणारा प्रोग्राम बिनधोक चालतो आणि आपलाच बंद पडतो, आणि माणूस चक्रावतो.

दुरुस्तीचे दोन रस्ते होते. लॉगिनडीच्या कॉन्फिग फाईलमध्ये रिमूव्हआयपीसी बंद करायचं, एका ओळीचं काम. त्या रात्री तेच केलं, कारण रांग उभी होती. पण खरी दुरुस्ती मी वेगळी मानते आणि आठवड्याभरात ती केली. वाचकाला स्वतःचा सिस्टम युजर दिला, क्लार्कच्या युजरला ग्रुपमधून फक्त वाचायची परवानगी दिली, आणि पावतीच्या कोडमधून "फळा नसेल तर नवा तयार कर" हा पर्याय काढून टाकला. दोन प्रोग्रामांच्या भेटीची जागा एकानेच निर्माण करायची. दोघांनाही तो हक्क दिला की एक दिवस दोघं दोन वेगळ्या जागी उभे राहतात आणि एररही येत नाही. शिवाय वाचक आता वजनासोबत एक वाढता आकडा लिहितो, आणि तो आकडा पुढे सरकत नसेल तर पावती छापायला नकार देते. काट्यावर चुकीचं वजन छापलं जाण्यापेक्षा वजन न छापलेलं परवडतं.

ही गोष्ट अशी होती की एररच नव्हता. बहुतेक वेळा एरर असतो, आणि नवीन लोक तो वाचत नाहीत. "कनेक्शन एरर आला" एवढंच सांगतात. कुठला? त्या तीन-चार शब्दांवर पुढचे दोन तास ठरतात.

"नो सच फाईल" आला तर समोरचा ज्या पत्त्यावर हाक मारतोय तिथे काही नाहीच. सॉकेटची, म्हणजे दोन प्रोग्राम ज्या दारातून बोलतात त्याची, फाईल दुसरीकडे गेली किंवा तयारच झाली नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" याचा अर्थ फार वेगळा: पत्ता आहे, पण ऐकणारं कोणी नाही. युनिक्स सॉकेटच्या बाबतीत असं सर्रास घडतं की सर्व्हर मेला आणि त्याची फाईल मागे पडून राहिली, घराला पाटी आहे पण राहणारा गेलेला. "परमिशन डिनाइड" मध्ये फाईलच्या परवानग्या बघाच, पण वरच्या प्रत्येक फोल्डरच्याही बघा. नेमआय नावाची कमांड पूर्ण वाटेवरच्या परवानग्या एकाखाली एक दाखवते. आणि अपग्रेडनंतर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या परवानग्यांपलीकडे वेगळा पहारा ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणांचे नियमही बदललेले असू शकतात, तेव्हा परवानग्या सगळ्या बरोबर दिसूनही दार बंद असतं. "ब्रोकन पाइप" म्हणजे बोलणं सुरू झालं होतं आणि पलीकडचा मधेच उठून गेला. तेव्हा आपला लॉग सोडून पलीकडच्याचा लॉग उघडायचा.

त्याच अपग्रेडमध्ये आमचा दुसरा बिघाड "नो सच फाईल"चाच होता आणि त्याने मला अर्धा दिवस छळलं. कारखान्याच्या ऑफिसात दिवसभराच्या वजनांचं एक वेबपान दिसायचं. अपाचे सर्व्हर टेम्प फोल्डरमधल्या सॉकेटवरून आमच्या प्रोग्रामकडे माहिती मागायचा. अपग्रेडनंतर अपाचे म्हणतो फाईल नाही, आणि मी त्याच मशीनवर फोल्डर उघडते तर फाईल समोर दिसते. परवानग्या सगळ्यांना खुल्या. माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडायची वेळ आली होती.

कारण असं की नव्या उबुंटूत अपाचेच्या सर्व्हिस फाईलमध्ये प्रायव्हेटटेम्प नावाची सेटिंग चालू असते. सिस्टमडी त्या सर्व्हिसला स्वतःचं वेगळं टेम्प फोल्डर देतो. नाव तेच, जागा वेगळी. टेम्प फोल्डरमध्ये "सिस्टमडी-प्रायव्हेट" ने सुरू होणारी लांबलचक नावाची फोल्डरं दिसली तर ती हीच. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, टेम्प ही सगळ्यांची उघडी जागा आहे आणि दोन सर्व्हिसेसनी तिथे भेटणं मुळातच बरं नव्हे. आम्ही सॉकेट रन फोल्डरमध्ये हलवला आणि ते उपफोल्डर सर्व्हिस सुरू होताना सिस्टमडीकडूनच तयार करून घेतलं, कारण रन फोल्डर मेमरीत असतं आणि मशीन बंद झालं की त्यातलं सगळं जातं. हाताने फोल्डर बनवून निघून आलात तर पुढच्या रीबूटला पुन्हा फोन. ही सेटिंग बंद करा असा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. मी तो देत नाही.

दोन्ही बिघाडांत प्रोग्राम जसेच्या तसे होते. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. म्हणून अशी तक्रार आली की मी आता कोडच्या आधी एक प्रश्न विचारते: दोघं खरंच एकाच वस्तूकडे बघताहेत का? तुम्ही तुमच्या लॉगिनमधून बघता तेव्हा तुम्ही तिसरे असता. त्या प्रोसेसला काय दिसतं ते तिच्याच बाजूने बघावं लागतं. एसट्रेस लावून ती कुठला पत्ता उघडायला जाते ते बघा, प्रोक फोल्डरमधून तिचा नकाशा बघा, एलएसओएफने तिने काय धरलंय ते बघा, एसएस कमांडने कोण कुठे ऐकतंय ते बघा. चालू हंगामात प्रॉडक्शनवर एसट्रेस लावताना मात्र सांभाळून. प्रोग्राम जाणवण्याइतका मंदावतो. एकदा मी काट्यावरच्याच मशीनवर लावून ठेवलं आणि रांग वाढली.

एररही नाही, शून्यही नाही, नुसतं अडकून बसतं, हा तिसरा प्रकार. तो मला पुढच्या नोकरीत भेटला. एक प्रोग्राम दुसऱ्याला चालवायचा, त्याचं उत्तर पाइपमधून घ्यायचा. पायथॉनची एक लायब्ररी अपग्रेड केली आणि छोट्या फाईली ठीक, मोठी फाईल दिली की दर वेळी साधारण साडेसहाशे नोंदींवर थांबायचं. सीपीयू शून्य, दोघंही शांत. लिनक्सवर पाइपची क्षमता ठरलेली असते, मुळात 65,536 बाइट. नवी लायब्ररी प्रत्येक नोंदीमागे एररच्या वाटेवर, म्हणजे उत्तराच्या पाइपहून वेगळ्या, फक्त एररसाठीच्या पाइपवर, एक इशारा छापत होती, शंभर-एक अक्षरांचा. बोलावणारा प्रोग्राम फक्त उत्तराची वाट वाचत होता, एररची वाट कोणी उपसतच नव्हतं. ती भरली, पोरगा प्रोसेस लिहायला जागा नाही म्हणून थांबला, बाप प्रोसेस उत्तर येत नाही म्हणून थांबला. साडेसहाशे गुणिले शंभर करून बघा. एखादी गोष्ट दर वेळी एकाच ठिकाणी अडकत असेल तर तिथे कुठली तरी मर्यादा भरते आहे, आणि तो आकडा मोजला की उत्तर बहुधा हातात येतं. पायथॉनमध्ये दोन्ही वाटा एकत्र उपसणारी कम्युनिकेट नावाची सोय आहे, ती वापरली आणि सुटलं.

वेब बाजूला काम करणाऱ्यांसाठी एक: नोडजेएस 16 वरून 18 वर गेल्यावर "लोकलहोस्ट"ला, म्हणजे त्याच मशीनला, जोडणी नाकारली जाते असं दिसलं, तर नोड 17 मध्ये झालेला बदल आठवा. तोवर नोड आयपीव्ही4 चा पत्ता आधी घ्यायचा. नंतर सिस्टम ज्या क्रमाने देईल तो क्रम घेऊ लागला, आणि लोकलहोस्टचा पहिला पत्ता बऱ्याच ठिकाणी आयपीव्ही6 चा निघतो. तुमचा सर्व्हर फक्त 127.0.0.1 या आयपीव्ही4 पत्त्यावर ऐकत असेल तर हाक दुसऱ्याच दारावर जाते. कॉन्फिगमध्ये लोकलहोस्टऐवजी पत्ताच लिहा.

आणि सी मध्ये लिहिलेली जुनी जोडी असेल, त्यातला एकच प्रोग्राम 32 बिटवरून 64 बिटवर नेला असेल, तर लाँग प्रकाराचा आकडा लिनक्सवर 4 बाइटचा 8 बाइट होतो. एक लिहितो 4, दुसरा वाचतो 8, आणि पुढचं सगळं सरकतं. इथे जोडणी उत्तम असते, नुसते आकडे वेडेवाकडे येतात. अशा वेळी पाठवलेले बाइट आणि मिळालेले बाइट शेजारी शेजारी ठेवून बघणं हाच सरळ उपाय.

नवीन माणसाने करण्याजोगी खरी तयारी अपग्रेडच्या आधीची असते, आणि ती कोणी सांगत नाही कारण ती कंटाळवाणी आहे. चालू मशीनवर बसून एका कागदावर लिहून काढा: कोण कोणाशी बोलतं, कशावरून, ती जागा कुठे आहे, कोण निर्माण करतं, कुठल्या युजरने, आणि कोण गेलं की ती जाते. जुनं मशीन नीट चालू असतानाच हे करता येतं. बिघडल्यावर "आधी कसं होतं" हे सांगणारं कोणी नसतं. मी हा कागद पहिल्यांदा काढला तेव्हा दोन प्रोग्राम असे सापडले की त्यांच्याबद्दल टीममधल्या कुणालाच माहीत नव्हतं.

आणि तक्रार ऐकताना वेळ विचारा. किती वाजता, त्याच्या आधी कोणी काय केलं, कोण आलं, कोण गेलं. यंत्राजवळ रोज बसणाऱ्या माणसाला आयनोड माहीत नसतो, पण काय झालं की काय होतं हे त्याला तुमच्यापेक्षा पक्कं माहीत असतं. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत तिकिटात उतरवून घ्या, आपल्या भाषेत करायला जाऊ नका. मी अण्णांच्या फोननंतर लिहिलं होतं, "रिमोट कनेक्शनवर अवलंबून बिघाड, नेटवर्क तपासणे". त्या एका ओळीपायी टीममधल्या दुसऱ्या मुलाने दीड दिवस राउटर तपासला.

हंगाम संपल्यावर मी कारखान्यात जाऊन आले. अण्णांना काय झालं होतं ते फळ्याच्या उदाहरणाने सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आम्ही घरी गेलो की ते आमचं सामान उचलून टाकत हुतं." त्यानंतर आमच्या चाचणीच्या यादीत एक ओळ वाढली आणि ती पहिल्या क्रमांकावर आहे: सगळ्या खिडक्या बंद करा, सगळे युजर लॉग आउट करा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लॉगिन करा, मग वजन बघा.